मंजुळाबायच्या वाती

मंजुळाबाय बाळाच्या नाकातली घाण बघून ते कुठे राहतं ते सांगायची. ही थाप नव्हती. मी तिला पुष्कळदा पारखून बघितलं आहे आणि ती दोनदाच चुकली.

ती ठाण्यात बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची. मी पोळ्या करायची. दोघींची घरं बरीचशी एकच होती, नौपाड्यातली. एखाद्या घरात सून बाळंत झाली की माझ्या पोळ्या वाढायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून मंजुळाबाय यायची. मी ओट्याशी, ती मोरीत. चाळीस वर्षं असं चाललं. ती मला शालन म्हणायची, मी तिला मंजुळाबाय. ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी होती. मैत्रीण हा शब्द आम्ही दोघींनी कधी वापरला नाही, पण माझ्या घरातली भांडणं तिला माझ्या आधी कळायची.

ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. खाडीतला मासा कमी झाला तशा तिथल्या बायका दुसरी कामं धरू लागल्या, तेव्हा हिने हे धरलं. मी एकदा विचारलं की हेच का. ती म्हणाली, "मासा धुवायचा काय नि पोर धुवायचं काय, हात तोच. पोर जरा कमी सुळसुळतं."

बुटकी, रुंद, दंडाला गोंदलेलं. आवाज घोगरा आणि त्यात कायमचा खोकला. तो खोकला आम्ही तिच्या आवाजाचाच भाग धरला होता. विडी कधी ओढली नाही, तंबाखू नाही, मिसरीसुद्धा नाही. खोकल्याचं कोणी विचारलं की म्हणायची, "हायवेने दिलाय. फुकट दिलाय, परत घेत नाही."

कामात तिचा क्रम ठरलेला होता आणि तो मोडलेला तिला चालायचा नाही. आधी वात, मग तेल, मग आंघोळ, मग धुरी, मग झोप. धुरीनंतर बाळ उठेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, आजोबांनीसुद्धा नाही. एका घरातले आजोबा निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी हात लावला तर तिने त्यांच्या हातावर चापट मारली. ते गुपचूप पेपर वाचायला गेले.

वात म्हणजे कापसाची. मांडीवर वळून सुईसारखी बारीक करायची, कोमट खोबरेलात बुडवायची आणि बाळाच्या नाकपुडीत जरा फिरवून अलगद ओढायची. डॉक्टर हे करू नका म्हणतात, तेव्हाही म्हणायचे. ती ऐकायची नाही. ओढलेली वात ती फेकायची नाही. पांढऱ्या बशीत ठेवून बशी खिडकीपाशी न्यायची आणि डोळे बारीक करून बघायची, सोनार नथ बघतो तशी.

वात वाळून कडक, पांढुरकी झाली तर सिमेंट. म्हणजे शेजारी बिल्डिंग उठते आहे, नाहीतर पडते आहे. मातकट असेल तर रस्ता खणलेला. बोटाला चिकटली आणि प्लास्टिकचा वास आला तर दिवा स्टेशनची बाजू, तिकडे कचरा जळतो. राखेसारखी भुरकट असली तर खाली बेकरी आणि बेकरीत लाकडाची भट्टी. डोंबिवलीत कारखान्यांच्या बाजूला राहणाऱ्या बाळांची वात दिसायला साधीच असायची, पण नाकाशी धरली की मंजुळाबायला शिंक यायची. ती शिंक म्हणजे डोंबिवली. माहेरी बाळंतपणाला आलेली मुलगी सासरी कुठे राहते हे ती, मुलगी सव्वा महिन्याने सासरी जाऊन बाळाला घेऊन पहिल्यांदा परत आली की, असं ओळखायची, आणि घरातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

या सगळ्या रंगांच्या खाली काळा रंग असायचाच. प्रत्येक घरात, प्रत्येक वातीवर. काळ्याकडे ती बघायची नाही. "काळं गाड्यांचं," ती म्हणायची. "ते सगळ्यांना सारखं. त्याच्यावर काय बसलंय ते बघायचं."

घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर एक घर होतं. सगळीकडे काचा, काचा कधी उघडत नाहीत, आत मशीनची हवा. तिथेही वात काळी निघाली. त्या सुनेने विचारलं, "मावशी, इतक्या वर गाड्यांचा धूर कसा येईल?"

"धूर वरच जातो, बाय. खाली जाताना बघितलास कधी?"

सुनेला पटलं. मीही तिथे होते. मलाही ते पटलं.

आता धुरीचं सांगते, कारण हल्लीच्या सगळ्याच वाचणाऱ्यांना माहीत असेल असं नाही. आंघोळ झाली की बाळाला कोरडं करून दुपट्यात घ्यायचं. धुपाटण्यात निखारे, निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणीच्या साली, थोडा धूप. धूर उठला की बाळ त्यावर आडवं धरून फिरवायचं, छाती, पाठ, टाळू. मग धुपाटणं बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवायचं. याने सर्दी बसत नाही, हाडं भरतात, बाळ दोन-तीन तास झोपतं. खोली बंद हवी. खिडक्या लावायच्या, पंखा बंद, दाराच्या फटीला टॉवेल. त्या बाबतीत मंजुळाबायसारखी कडक बाई ठाण्यात नव्हती. "खिडकी लावा" हे ती दिवसातून जितक्या वेळा म्हणायची तितक्या वेळा देवाचं नाव घेत नसेल. धूर डोळ्यांना झोंबला की पुरे, हे तिचं माप. कोणी बाळंतीण खोकली की ती म्हणायची, "धूर आपला असतो गो, त्याचं काय भ्यायचं. धूळ परक्याची."

फ्लॅटमध्ये कोळसे कुठून आणणार. तिथे नारळाची करवंटी गॅसवर धरून लाल करायची. ते काम माझं. पोळ्या झाल्या की मी सांडशीत करवंटी धरायची आणि लाल झाली की धुपाटण्यात टाकून तिच्या हातात द्यायची. हे चाळीस वर्षं. म्हणून पुढे जे झालं त्यात मी प्रेक्षक होते असं मला म्हणता येत नाही.

परक्याच्या धुळीशी मात्र ती खरी लढायची. नौपाड्यात एका घरी वात सिमेंटची निघायला लागली. मागे जुनी बिल्डिंग पाडत होते. ना जाळी, ना पाणी. आंघोळ उरकून ही तशीच ओल्या पदराने तिकडे गेली. मी खिडकीतून बघत होते. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, तुम्ही कुठल्या खात्याच्या?"

"न्हाणीच्या. तुझ्या शेठच्या नातवाला मी आंघोळ घालते. उद्या सकाळी शेठच्या हातात वात देते नि सांगते, ही तुमचीच."

माणूस हसला. पण शेठच्या घरी नातू होता आणि मंजुळाबाय तिथे जायची हे खरंच होतं. दोन दिवसांत हिरवी जाळी लागली आणि एक पोऱ्या पाइपाने पाणी मारायला लागला. त्यानंतर नौपाड्यात तिला फार मान आला. लोक तिला जिन्यात थांबवून विचारायचे, आमच्याकडे कुठली धूळ येते ते बघून सांगा. ती सांगायची. मोठ्या माणसांची वात मात्र ओढायची नाही. म्हणायची, "तुमची नाकं मळलेलीच. त्याच्यात कळायचं काय."

मागच्या वर्षी तिची नात बाळंत झाली. नात प्राची, राहायला डोंबिवलीला. मंजुळाबायचा मुलगा आणि सून दोन्ही गेलेले, प्राचीला हिनेच वाढवलं होतं. नातजावई नीलेश एसी दुरुस्तीच्या कंपनीत. मुलगी झाली, दिवसांआधी दीड महिना. मूठभर होती. डॉक्टरांनी सांगितलं, छाती अजून कच्ची आहे, स्वच्छ हवेत ठेवा, धुळीपासून जपा.

मंजुळाबायने ठाण्यातली सगळी कामं सोडली आणि डोंबिवलीला जाऊन राहिली. उभा जन्म तिने दुसऱ्यांची पोरं जपली होती, आता घरचं होतं. मला फोनवर म्हणाली, "शालन, हिला मी धुळीचा कणसुद्धा लागू देत नाही. बघच तू."

घर दुसऱ्या मजल्यावर. समोर रस्ता काँक्रीटचा करायला खणून ठेवलेला. मागे मोकळा प्लॉट, तिथे भंगारवाला संध्याकाळी वायरी जाळून तांबं काढायचा. खाली वॉचमन सकाळी झाडाचा पाला पेटवायचा. वात तिन्ही सांगत होती, माती, प्लास्टिक, राख. खाली काळं. आणि पोरीच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची.

मंजुळाबायने एकेक निस्तरायला घेतलं. खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. वॉचमनचा पाला ती स्वतः गोणीत भरून ठेवू लागली. तो म्हणाला, "आजी, थंडी वाजते हो सकाळची." हिने त्याला आपली शाल दिली आणि काड्यापेटी काढून घेतली. भंगारवाल्याकडे ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन गेली आणि वायरींच्या ढिगासमोर बसली. तो म्हणाला, "अम्मा, धंदा है, हटो."

"बैठी है मैं. जलाव मेरे सामने."

"आपको क्या तकलीफ है?"

"मेरेकू नहीं. उप्पर छोटी है. उसकू है. उसको आके बोल, धंदा है."

चार संध्याकाळी ती बसली. पाचव्या दिवशी त्याने जाळायचं काम दुसरीकडे कुठेतरी नेलं. कुठे नेलं, तिथे कोणाचं बाळ होतं, हे तिनेही विचारलं नाही, मीही नाही.

वातीवरचं प्लास्टिक गेलं. राख गेली. माती कमी झाली. काळं तसंच. आणि शिट्टी वाढली. मला तिचा फोन यायचा. "अजून कुठून येतंय गो? सगळं बंद केलं मी. खालच्या देवळातल्या उदबत्त्यापण बंद करायला लावल्या. शेजारणीची डासांची कॉइल उचलून आणली. कुठून येतंय?"

मी म्हटलं, "गाड्यांचं असेल."

"रस्ता खणलाय. गाड्याच नाहीत."

तेव्हाही आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांनी धुरीचं विचारलं नव्हतं, आम्ही सांगितलं नव्हतं. ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं कोणाला वाटलंच नाही. तेल लावलं हे कोणी सांगतं का?

एका शनिवारी मी कुंची आणि डिंकाचे लाडू घेऊन डोंबिवलीला गेले. सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील. नीलेशने ऑफिसातून एक डबा आणला होता, हाताच्या पंजाएवढा. हवेत किती बारीक धूळ आहे ते त्याच्यावर आकड्यात दिसतं म्हणाला. रस्त्याच्या ठेकेदाराच्या तोंडावर मारायला त्याला तो हवा होता. गॅलरीत धरला तर आकडा लाल. "बघा आजी," तो म्हणाला, "याचे फोटो काढून वॉर्ड ऑफिसात देतो." मंजुळाबाय खूश झाली. डबा आत आणला तर आकडा बराच उतरला. ती आणखी खूश झाली. "माझ्या चादरी," म्हणाली. नीलेश डबा खोलीतल्या कपाटावर ठेवून आंघोळीला गेला.

तिने वात घेतली, बघितली, बशीत ठेवली. तेल, आंघोळ. मी सवयीने करवंटी गॅसवर धरली. लाल झाली तशी धुपाटण्यात टाकली. खिडक्या तिने लावल्या. दाराखाली टॉवेल मी लावला. मी, माझ्या हाताने.

ओवा तडतडला, धूर उठला. प्राची खाटेवर, पोरगी मंजुळाबायच्या हातात. आणि कपाटावरचा डबा ओरडायला लागला.

मला आधी वाटलं फोन आहे. वर बघितलं तर आकडा लाल होऊन गेला होता, जांभळा झाला होता, आणि पळत होता. पाण्याचा मीटर नळ सोडल्यावर फिरतो तसा. मग तीन नऊ येऊन थांबला. प्राची म्हणाली, "पुढे आकडाच नाहीये वाटतं त्याच्यात."

नीलेश टॉवेल गुंडाळून धावत आला. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबला. डब्याकडे बघितलं, धुपाटण्याकडे बघितलं, मग मंजुळाबायच्या हातातल्या पोरीकडे.

"डबा बिघडलाय," मंजुळाबाय म्हणाली. "दार लाव. वारा लागतो."

"आजी, आत्ता गॅलरीत बरा होता."

"मग गॅलरीत ने त्याला."

त्याने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, ओल्या चादरी ओढून काढल्या. मंजुळाबाय त्याला नको ते बोलली. तो उभा राहिला. डबा गप्प झाला, आकडा खाली यायला लागला, खणलेल्या रस्त्याची सगळी धूळ आत येत असताना. आम्ही चौघं त्या आकड्याकडे बघत होतो. मी खाटेच्या कडेला बसले आणि मला माझी तीन बाळंतपणं आठवली, सुनेची दोन, आणि सांडशीत धरलेल्या सगळ्या करवंट्या.

डब्यावर मंजुळाबायचा विश्वास नव्हता. तिचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. तिने मांडीवर कापूस वळला, तेलात बुडवला, आणि धुरीनंतर बाळाला हात लावायचा नाही हा स्वतःचा नियम पहिल्यांदा मोडला. तासाभरापूर्वी तिनेच साफ केलेलं नाक. वात फिरवली, ओढली.

काळी. दुसरं काही नाही त्याच्यावर. माती नाही, सिमेंट नाही, राख नाही. नुसती काळी.

ती बशी घेऊन खिडकीशी गेली नाही. जागच्या जागी उभी राहिली. रोज सकाळी वात घ्यायची, ती आदल्या दिवशीच्या धुरीची असायची, आणि ही तिला गाड्यांची म्हणायची. चाळीस वर्षं तिने क्रम मोडला नाही म्हणून हे तिला कळलं नाही. एकदाही उलटं केलं असतं तर कळलं असतं.

मग प्राची म्हणाली, "आजी, हिच्या बरगड्या बघ."

प्रत्येक श्वासाला पोरीच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. रिक्षा करून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. बाळाला मंजुळाबायने प्राचीकडे दिलं होतं. स्वतःकडे घेतलं नाही.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. पोरीला ऑक्सिजन लावला आणि मग बाहेर येऊन विचारलं, "घरात धूर होतो का? डासांची कॉइल, सिगरेट, उदबत्ती?"

"नाही मॅडम," प्राची म्हणाली, "आम्ही तर सगळं बंद ठेवतो."

"होतो," मंजुळाबाय म्हणाली. "मी करते. धुरी."

"किती दिवस?"

"जल्मापासून. रोज."

डॉक्टरने तिला झापलं नाही. झापलं असतं तर बरं झालं असतं. मंजुळाबायने रुमालातून ती वात काढून पुढे धरली. डॉक्टरने ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "आजी, हे नाकात घालत जाऊ नका. आणि यावर दिसतंय ना, ते जाड. ते नाकाने अडवलं. खरं वाईट असतं ते याहून बारीक, केसापेक्षा कितीतरी बारीक. ते नाकात थांबत नाही. सरळ छातीत उतरतं, तिथून रक्तात. गाड्यांचं काय, कचऱ्याचं काय, तुमच्या धुरीचं काय, सगळ्यांचं तसंच."

"म्हणजे वातीवर आलं ते वाचलं."

"हो."

"नि आत गेलं ते?"

"ते वातीवर येत नाही."

मंजुळाबायने वात परत मागून घेतली, रुमालात बांधली, कमरेला खोचली. बाकावर जाऊन बसली. पाच दिवस पोरगी तिथे होती आणि पाच दिवस ही त्या बाकावर होती. मी जेवणाचा डबा घेऊन जायची. जेवायची नाही असं नाही, जेवायची. पण भाजीत काय आहे ते विचारलं तर सांगू शकली नसती. सहाव्या दिवशी पोरीला घरी सोडलं. आज ती दीड वर्षाची आहे, धावते, हिवाळ्यात पंप घ्यावा लागतो. डॉक्टर म्हणतात हळूहळू सुटेल. कदाचित.

रस्त्याची धूळ खोटी होती असं मी म्हणत नाही. भंगारवाल्याचा धूर खोटा नव्हता, बिल्डरचं सिमेंट खोटं नव्हतं, ते आजही आहे आणि त्यांना वात दाखवायला आता कोणी जात नाही. पण त्या खोलीत त्या सगळ्यांहून जास्त आम्ही दोघी होतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मंजुळाबाय माझ्याकडे वर्तकनगरला आली. जिना चढताना तिला तीनदा थांबावं लागलं, ते मी वरून बघितलं. आत येऊन बसली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "तुझ्या मधल्याच्या वातीवर काय होतं गो?"

माझा मधला मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला. छातीने गेला. ते फार जुनं आहे, तेव्हा आम्ही नौपाड्यात चाळीत एका खोलीत होतो. न्हाऊ घालायला तीच यायची, माझ्याकडून एक पैसा घेतला नव्हता. खोलीला खिडकी एकच, तीही मंजुळाबाय लावून घ्यायची.

मी म्हटलं, "मला काय विचारतेस. वात तू ओढायचीस."

"मला आठवत नाही. म्हणून विचारते."

"काळी असेल. सगळ्यांची काळी असायची."

"मी धुरी दिली नसती तर जगला असता?"

"मला ठाऊक नाही. मी चौथी शिकलेली आहे."

"डॉक्टरणीला विचारलं मी. तीपण म्हणाली, ठाऊक नाही." तिला खोकल्याची उबळ आली. ती गेल्यावर म्हणाली, "कोणाला ठाऊक नाही, असं कसं गो?"

मी म्हटलं, "तेव्हा सगळीच पोरं तशीच वाढली, मंजुळाबाय."

"सगळी नाही," ती म्हणाली.

मी चहा केला. कप देताना बशीत सांडला, आणि तिने बशीतला तसाच पिऊन टाकला. जाताना दारात म्हणाली, "तू मला शिवी दे, शालन." मी दिली नाही. मला राग आलाच नव्हता असं नाही. पण तिला शिवी द्यायची तर अर्धी मला घ्यावी लागली असती, करवंटी कोण धरायचं? मधल्याच्या वेळी नाही धरली, तेव्हा मी खाटेवर होते. पण पुढे इतर सगळ्यांसाठी धरली.

त्यानंतर तिने काम पुन्हा सुरू केलं. मला वाटलं होतं बसेल घरी. ती नौपाड्यात जाऊ लागली आणि पहिल्याच दिवशी सांगायची, वात नाही, धुरी नाही, खिडकी उघडी ठेवायची. सुनांना चालायचं. सासवांना चालायचं नाही. "मंजुळाबाय, आमच्या घरात दोन पिढ्या धुरी झाली, तुम्हीच दिलीत," असं एक सासू म्हणाली. ही म्हणाली, "म्हणून तर सांगते. मी दिली." सासूने दुसरी बाई लावली. असं एकेक करत सहा-सात घरं गेली. मग तिला कोणी बोलवेना. म्हातारपणी डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले आणि मी पोळ्या लाटत राहिले.

तिच्या स्वतःच्या छातीचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरने विचारलं की आजी किती वर्षं विडी ओढता. एरवी तिने यावर काहीतरी सुनावलं असतं. या वेळी म्हणाली, "चाळीस. बंद खोलीत."

पौषात ती गेली. मी तिला शेवटचं बघितलं ते त्याच्या महिनाभर आधी.

सकाळचे दहा वाजले असतील. मी नौपाड्यातून भाजी घेऊन कामाला चालले होते. एका बिल्डिंगखाली, लावलेल्या स्कूटरच्या सीटला टेकून मंजुळाबाय उभी होती, मान वर करून. पहिल्या मजल्यावरची एक खिडकी लावलेली होती आणि तिच्या फटीतून पांढरा धूर झिरपत होता. ओव्याचा वास खाली रस्त्यापर्यंत आला होता. आत सुनंदा होती. सुनंदाला हे काम मंजुळाबायनेच शिकवलं होतं, पाटावर बसायचं कसं इथपासून.

"सुनंदा," मंजुळाबायने हाक मारली. आवाज पुरत नव्हता. थांबली, श्वास घेतला, पुन्हा मारली. "सुनंदा, खिडकी उघड गो."

वरून कोणी ओ दिली नाही. आतून कोणाचा तरी हात आला आणि फट होती तीही बंद केली.

समोरचा औषधाच्या दुकानातला माणूस मला म्हणाला, "रोज येतात या. आज इथे, काल मागच्या गल्लीत. वास आला की उभ्या राहतात."

मी तिच्याजवळ गेले. तिने माझ्याकडे बघितलं आणि जरा बाजूला सरकली, मला टेकायला जागा व्हावी म्हणून. मला पोळ्यांना उशीर होत होता. मी पिशवी खाली ठेवली. तिचा आवाज पुरत नव्हता, माझा पुरतो. मी वर तोंड करून ओरडले, "सुनंदा, खिडकी उघड."

रस्त्यावरचे लोक बघायला लागले. मी पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडल्यावर खिडकी चार बोटं उघडली. फटीत सुनंदाचा बांगड्या घातलेला हात दिसला, आणि धूर बाहेर आला, एकदम, कोंडलेला.

मला वाटलं, झालं. मी पिशवी उचलली.

मंजुळाबाय अजून वरच बघत होती.

"अजून," ती म्हणाली.